चाक गोल असतं, बास

सन दोन हजार एकोणीस. एप्रिलचा शेवटचा आठवडा. वसंत आपला म्हणायचा म्हणून म्हणायचा, पण बर्फ गेलेला, रस्त्यावर टाकलेलं मीठ दोन पावसांनी धुऊन निघालेलं, म्हणजे आमच्या सॅगिनॉ गावात जुन्या गाड्या बाहेर काढायचा खरा मुहूर्त... आणि तुम्हाला सांगतो, त्या मुहूर्तावर माझी बायको माझ्या गाडीत बसायला नाही म्हणाली! नाही म्हणजे नाही. पर्स काखेत, कोट अंगात, चर्चची घंटा वाजायला आलेली, आणि ही दारात उभी राहून जावयाच्या व्हॅनची वाट बघतेय. व्हॅनची! ज्याची दारं आपोआप सरकतात त्या डब्याची!

आता मी काही बोलका माणूस नाही. आठवीनंतर शाळा सोडली, ओतशाळेत लोखंड ओतायला लागलो, तिथं तर बोलून उपयोगच नसतो, कुणाला ऐकूच येत नाही. पण हे बोलावं लागतंय, कारण गावात या गोष्टीच्या चार आवृत्त्या फिरताहेत आणि चारही एमेट रॅडलॉफनं फिरवल्यात. एमेट म्हणजे समोरच्या घरातला. ओतशाळेत तीस वर्षं माझ्या शेजारच्या भट्टीवर होता. मित्र आहे. म्हणजे आहे, काय करणार.

तर गाडी. अडुसष्टची डॉज कोरोनेट, दोन दारांची, गडद हिरवी, पुढं इंजिन असं की सुरू केलं की शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलायला लागतात. नवी घेतली तेव्हा मी एकवीस वर्षांचा. तेव्हापासून तीच. लोक अशा गाड्या कापडाखाली झाकून ठेवतात, रविवारी पुसतात, पुन्हा झाकतात. मला ते मान्य नाही. गाडी काय बारशाचा चांदीचा वाडगा आहे? मी मीठ पडेपर्यंत रोज चालवतो. खिळे आणायला तीच, दवाखान्याला तीच, चर्चला तीच.

आणि ती ज्या कंपनीची, त्या कंपनीचा आमचा कारखाना नव्हता. आमचा कारखाना शेव्हीवाल्यांचा. तिथं रिवाज असा, की आपल्या कंपनीची गाडी असेल तर फाटकाजवळ फरसबंदीवर लावा, आणि दुसऱ्याची असेल तर पार कुंपणापलीकडं, मातीत. तीस वर्षं मी मातीत लावली! पावसात, हिमात, अर्धा मैल चालत. आणि फाटकाशी एमेट त्याच्या शेव्हेलमध्ये, म्हणजे शेव्हीच्याच गाडीत, गरम हवा लावून बसलेला, मी जवळ आलो की काच खाली करून, "काय लेन्या, आज पायी?" तीस वर्षं. एकच विनोद. तेव्हा तुम्ही समजा, मी तोवर कधी शेव्हीत बसलो नव्हतो. एकदा पोटात कळ येऊन पडलो तेव्हासुद्धा अँब्युलन्स कुठल्या कंपनीची आहे ते आधी विचारलं होतं.

हां, तर मार्लिस, म्हणजे माझी बायको, का बसत नाही. टायर! दोन वर्षांपूर्वी मी टायर घातले अस्सल जुन्या घडणीचे. आतून नायलॉनचे तिरके थर, बारीक, कडक, अगदी अडुसष्ट साली होते तसे. पुन्हा जुन्या साच्यातून काढतात, मिळतात. दिसायला? एक नंबर! चालवायला? ...आता दिसायला एक नंबर म्हटलं ना मी. रस्त्यात खाच असेल तर ते टायर तिला शोधून काढतात. गाडी सरळ न्यायची तर स्टीअरिंगशी सतत भांडत राहावं लागतं, आणि रस्ता ओला असला तर विचारू नका. मला त्याचं काही नाही. पण गेल्या ऑगस्टात चर्चच्या जेवणाला निघालो, मार्लिसच्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचा मोठा वाडगा, आणि रेल्वेचं फाटक लागलं. दोन रूळ. पहिल्या रुळाला वाडगा उडाला. दुसऱ्याला मार्लिस. तिचा खुबा नुकताच बदललेला, तेही त्याच वसंतात. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. काचेवरून बटाटे खाली येताहेत, हिनं केसातला अंड्याचा तुकडा काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लेन, थांबव गाडी."

तेव्हापासून ती व्हॅनमधून जाते. आणि मी मागून कोरोनेटमधून. एकाच चर्चला! एकाच वेळी! लोक विचारतात, तुमचं काही बिनसलंय का?

तर त्या एप्रिलच्या रविवारी मी म्हटलं, किती दिवस चालायचं हे? तर म्हणाली, "चाकं बदल. मऊ घाल. चौदा जूनला आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी चाकं बदललेली असली तर मी या गाडीत माझ्या सीटवर बसेन. नसली तर समारंभाच्या हॉलवर व्हॅननं जाईन." आणि व्हॅनचं दार सरकलं. आपोआप.

लग्नाच्या दिवशी चर्चपासून हॉलपर्यंत याच गाडीतून गेलो होतो आम्ही. मागं डबे बांधलेले, खडखड वाजत. आणि पन्नासाव्याला नवरा एका गाडीत, नवरी दुसऱ्या? वरातीत असं कुठं असतं?

मी म्हटलं ठीक आहे. चाक म्हणजे काय, चाक गोल असतं. बास. एक दिवसाचं काम.

एक दिवसाचं काम! तुम्हाला सांगतो, माणसानं बायको निवडताना इतके लोक मधे येत नाहीत!

पहिला आला जावई. ट्रॅव्हिस. पोरगा वाईट नाही, इन्शुरन्समध्ये आहे. म्हणाला, "डॅड, वीस इंची टाका ना! काळ्या रंगाची! काय भारी दिसेल!" वीस इंची! मी म्हटलं, बाळ, ही गाडी आहे, टांगा नव्हे. वीस इंची चाकावर टायर उरतं केवढं? काळ्या रिबिनीएवढं. मार्लिसचा खुबा रिबिनीवर ठेवू? तो म्हणाला, "पण आता सगळे तेच टाकतात." सगळे! सगळे तर आपोआप सरकणारी दारं पण घेतात.

मग गेलो टायरच्या दुकानात. नाव नाही घेत. काउंटरवर बाई होती, नम्र होती, समोर कॉम्प्युटर. "सर, गाडीचं वर्ष?" म्हटलं अडुसष्ट. तिनं दाबलं. "सर, हे घेत नाही." काय घेत नाही? "वर्ष. आमची यादी त्याच्या खूप नंतर सुरू होते." म्हटलं, मग? "सर, यादीप्रमाणे तुमची गाडी नाहीये." मी तिला खिडकीतून दाखवली. ती उभी होती, हिरवी, सतरा फूट लांब, दोन जागा अडवून. तिनं बघितलं, मग कॉम्प्युटरकडं बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे हो सर. पण नाहीये."

घरी आलो तर एमेट घडीची खुर्ची टाकून त्याच्या अंगणात. तो एप्रिलमध्ये खुर्ची टाकतो आणि ऑक्टोबरमध्ये उचलतो. म्हणाला, "लेन्या, ऐक माझं. पाच दांड्यांची चकचकीत ॲल्युमिनियमची रिम, आणि टायरवर पांढरी उठावाची अक्षरं. बाहेरून. त्या काळी ज्याच्या खिशात पैसे होते तो पोरगा गाडी दुकानातून आणली की पहिलं हेच करायचा." म्हटलं, तुझ्या खिशात होते, तू केलंस. मी नाही केलं. मी कंपनीनं दिली तशी ठेवली. "मग काय होतं तुझ्या गाडीला?" तर म्हटलं, पोलादी रिम, गाडीच्याच रंगाची, मधे ती लहान झाकणं, ज्याला आम्ही इकडं कुत्र्याची थाळी म्हणतो, दिसतंही तसंच, आणि टायरला तांबडी रेघ. बारीक. टायरच्या गालावरून गोल गेलेली.

"रेघ नव्हती," एमेट म्हणाला.

होती!

"तुझ्या गाडीला रेघ नव्हती. पांढरी पट्टी होती. मी बघितलीय. तू मातीत लावायचास तेव्हा ती तपकिरी दिसायची."

आता बोला! माझी गाडी, आणि रेघ याला माहीत! मी आत गेलो, लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला, बाहेर आणला. फोटोत काय? कृष्णधवल. गाडी आहे, आम्ही आहोत, आणि चाकांसमोर सगळे नातेवाईक! पुढच्या चाकापुढं माझी आत्या लुडविका, झगा असा घेरदार की आत्या म्हणजे एकटीच मांडव. मागच्या चाकापुढं मार्लिसचे तिघे मामा. पन्नास वर्षं तो फोटो भिंतीवर आहे आणि त्यात चाक नाही! गाडी जणू आत्याच्या झग्यावर उभी आहे.

मार्लिसला विचारलं. तुला आठवतं का गं, लग्नाच्या दिवशी चाकं कशी होती? ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "चाकं नाही आठवत. तू वाटेत गाडी थांबवून खाली उतरलास आणि रुमालानं चाक पुसलंस ते आठवतं. माझ्या हातातला रुमाल होता." मग रेघ दिसली असेल तुला? "मला नवरा दिसत होता, उकिडवा बसलेला. विचार करत होते, लग्न झालंय की अजून परत जाता येईल."

झालं. साक्षीदार संपले. म्हटलं, कोण विचारतो! चाक गोल असतं, बास. तांबडी रेघ म्हणजे तांबडी रेघ.

पण तांबडी रेघ आणि मऊ, हे दोन्ही एकत्र कुठं? तर मिळतं! बाहेरून जुनं रूप, तांबडी रेघ, पण आतून रेडियल, पोलादी तारांचं, आजच्या गाड्यांसारखं. फोनवरच्या माणसानं सगळं समजावलं. त्याला माझी गाडी ठाऊक होती, त्याच्याकडं ती अस्तित्वात होती. म्हणाला, "बाबा, रोज चालवता ना? मग रेडियलच घ्या. आणि चौदा इंची सोडा, पंधरा इंची रिम घ्या, मापं जास्त मिळतील, गाडी रस्ता धरेल." म्हटलं, कंपनीनं चौदा दिलं होतं. तो म्हणाला, "एक इंच कोण बघतंय?"

तुम्हाला सांगतो, मी तीन दिवस झोपलो नाही त्या एका इंचावर. रेघ खरी, घडण खोटी. रंग खरा, माप खोटं. आपण आयुष्यात कधी लबाडी केली नाही आणि आता बहात्तराव्या वर्षी इंचभर लबाडी? शेवटी मार्लिस म्हणाली, "लेन, माझा खुबासुद्धा कंपनीनं दिलेला नाहीये आता." मग मी फोन केला. पंधरा इंची सांगितली.

मे महिन्यात रिम आल्या, पोलादी. मी स्वतः रंगवल्या, गाडीच्याच हिरव्यात. मग टायर आले. दुकानात नेऊन रिमवर चढवून आणले, सुटे, ट्रॅव्हिसच्या व्हॅनमधून. हो, व्हॅनमधून, दार सरकतं म्हणून जातात. गाडीला मात्र दुकानात हात लावू दिला नाही. का? सांगतो. इथं नीट ऐका.

माझ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे. कंपनीचंच डोकं, तेव्हा तसंच करायचे, चाक फिरून फिरून नट सुटू नये म्हणून. उजव्या बाजूचे नट जगासारखे, डावीकडं फिरवले की सुटतात. डाव्या बाजूचे उजवीकडं फिरवले की सुटतात. हे आता कुणाला माहीत नसतं. गेल्या ऑक्टोबरात टायरच्या दुकानातल्या माणसानं डाव्या मागच्या चाकाला हवेची बंदूक लावली, घर्रर्र, आणि दोन बोल्ट कटाकट तोडले. मी त्याला काय बोललो ते इथं सांगत नाही, चर्चचे लोक बसलेत. तेव्हापासून ठरवलं, चाक मी काढणार, मी लावणार. डावीकडं उलटं, उजवीकडं सुलटं. मला झोपेत विचारा.

तेरा जून. गुरुवार. उद्यावर लग्नाचा दिवस. ऊन छान पडलेलं. मी गाडी अंगणात घेतली, जॅक काढला, चार नवी चाकं रांगेत उभी केली, हिरवी, मधे चकचकीत थाळी, कडेनं तांबडी रेघ. मार्लिस खिडकीतून म्हणाली, "अगदी नाताळ आलाय जूनमध्ये!" हिरवं-तांबडं म्हणून. मी लक्ष दिलं नाही.

उजवी दोन्ही चाकं झाली. डावं पुढचं झालं, उलटं फिरवून, लोण्यासारखं. समोर एमेट खुर्चीत, हातात लिंबू सरबत. मी मोठ्यानं म्हटलं, हल्लीच्या लोकांना चाक काढता येत नाही! एमेट म्हणाला, "नाही ना." मी म्हटलं, बंदुका लावतात! त्यानं मान हलवली. म्हणाला, "अज्ञान रे, लेन्या, अज्ञान."

मग डावं मागचं. पाना लावला, उजवीकडं जोर दिला. नट हलेना. गंजला असेल. पान्याला लांब पाइप लावला, आणखी जोर. हलेना. आता मी ओतशाळेतला माणूस, मी नटापुढं हार मानणार? पाय जमिनीत रोवले, सगळं अंग टाकलं...

कटाक.

तुटला. म्हटलं एखादा असतो कुजका. दुसऱ्याला लावला. कटाक. तुम्ही म्हणाल, दुसऱ्यानंतर माणूस थांबतो. थांबतो, ज्याला शंका येते तो. मला शंका कशी येणार? मला तर माहीत होतं! तिसऱ्याला लावला.

कटाक.

आणि समोरून आवाज आला, शांत, "लेन्या... ऑक्टोबर आठव."

ऑक्टोबर! ते दोन बोल्ट तुटले तेव्हा दुकानात उलट्या आट्याचे बोल्ट मिळाले नव्हते. मग मी आणि एमेटनं त्या एका चाकाचे पाचही बोल्ट काढून साधे, जगासारखे घातले होते. म्हणजे आता डाव्या बाजूला पुढचं चाक उलटं आणि मागचं सुलटं! मी तासभर ज्याला सुट सुट म्हणत होतो त्याला आवळत होतो! आणि तेव्हा एमेट पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला होता, म्हणाला होता, "इथं एक ठिपका देऊन ठेवू, विसरशील." आणि मी काय म्हटलं होतं? म्हटलं होतं, माझी गाडी माझ्या डोक्यात आहे, तुझ्या ठिपक्याची गरज नाही, मला शिकवू नको.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मी म्हटलं, एमेट, तुला आठवत होतं? "हो." मग पहिल्यालाच का नाही बोललास? तर म्हणाला, "तू मला शिकवू नको म्हणाला होतास. मी नाही शिकवलं." आणि सरबताचा घोट घेतला. "पण तिसऱ्याला राहवलं नाही. दया आली. गाडीची."

आता काय? चाक अर्धवट अडकलेलं, तीन बोल्ट मोडलेले. सुट्या भागांच्या दुकानाला फोन केला, तर सोमवारी या म्हणाले. सोमवारी! लग्न शुक्रवारी! मी तिथंच जमिनीवर बसलो. खिडकीतून मार्लिस बघत होती. पडदा सरळ केला आणि आत गेली. आणि मग मला आतून तिचा आवाज आला, फोनवर, हळू, "ट्रॅव्हिस, उद्या संध्याकाळी तुझी व्हॅन मोकळी आहे का रे?"

तुम्हाला सांगतो, तीन बोल्ट तुटले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

एमेट उठला. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तो खुर्चीतून सहसा उठत नाही. गॅरेजात गेला, कॉफीचा जुना डबा घेऊन रस्ता ओलांडून आला. डब्यात बोल्ट. साधे, बरोबर मापाचे. म्हणाला, "ऑक्टोबरात दहाची पेटी घेतली होती आपण. पाच उरले. म्हटलं राहू देत. मी तुला ओळखतो." त्याच्या डब्यात! शेव्हीवाल्याच्या गॅरेजात, माझ्या डॉजचे बोल्ट, आठ महिने!

मग आम्ही दोघं बसलो. उरलेले दोन नट डावीकडं फिरवले, सुटले, लाजल्यासारखे. चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला, तुटलेले ठोकून बाहेर काढले, नवे ओढून बसवले. एमेटचा गुडघा वाकत नाही, माझी कंबर सरळ होत नाही, दोघांत मिळून एक धड माणूस झाला. जेवणाच्या वेळेपर्यंत चौथं चाक चढलं. एमेट चार पावलं मागं गेला, बघितलं, म्हणाला, "पंधरा इंची आहेत." म्हटलं, कुणाला कळतंय? म्हणाला, "मला रस्त्यापलीकडून कळलं होतं." मग जरा वेळानं, "पण रेघ बरी दिसते. होती वाटतं तेव्हा." हे त्याचं माफी मागणं. याहून जास्त मिळत नाही.

मी म्हटलं, एमेट, याचं काय द्यायचं? म्हणाला, "पैशाचं नाव काढू नको." मग? तर डब्याचं झाकण लावत म्हणाला, "उद्या शुक्रवार. नदीकाठची फेरी."

आता फेरी म्हणजे, उन्हाळ्यात दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडं जुन्या गाड्या नदीकाठच्या रस्त्यानं हळूहळू जातात, आणि दोन्ही बाजूंना गाव खुर्च्या टाकून बसतं. सगळं गाव. म्हणजे ओतशाळेतले जेवढे जिवंत आहेत तेवढे सगळे.

"माझ्या शेव्हेलमध्ये," एमेट म्हणाला, "माझ्या बाजूच्या सीटवर तू. पुलापासून हॉलपर्यंत. काच खाली. आणि हात हलवायचा."

मी म्हटलं, दुसरं काहीही माग.

"दुसरं काही नको मला."

म्हटलं, उद्या माझ्या लग्नाचा दिवस आहे! मार्लिस माझ्या गाडीत बसणार आहे! तिला कोण नेणार?

तर दारातून मार्लिस म्हणाली, "मी नेते."

कोण?

"मी. माझ्या बापाचा ट्रक मी चौदाव्या वर्षी चालवलाय. चाकं बदलली तर बसेन म्हटलं होतं ना? आता कुठल्या बाजूला बसायचं ते मी ठरवते." आणि एमेटला म्हणाली, "एमेट, येईल तो. त्याला टाय घालायला लावते."

पन्नास वर्षांत त्या गाडीचं स्टीअरिंग मी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पण बोल्ट तर एमेटच्या डब्यातले होते. माणसानं घेतलं की द्यायचं. किल्ली काढून दिली. काय करणार, चाक गोल असतं, फिरून आपल्याच दाराशी येतं.

शुक्रवार. चौदा जून. मी टाय लावून रस्ता ओलांडला. शेव्हेलचं दार उघडलं. बाजूच्या सीटवर उशी होती, फुलाफुलांची, बारकी. रूथॲनची. एमेटची बायको ती. उंची कमी, पुढचं दिसावं म्हणून उशी घेऊन बसायची. जाऊन चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत मी एमेटला फेरीत बघितलं नव्हतं. तो खुर्चीत असायचा, अंगणात. मला वाटायचं, गुडघा.

त्यानं उशी उचलली, झटकली, मागच्या सीटवर ठेवली. नीट ठेवली. म्हणाला, "बस." मी बसलो. मऊ होती सीट. हे मी इथं पहिल्यांदा आणि शेवटचं बोलतोय.

पूल ओलांडला आणि सुरू झालं! खुर्च्यांवरून आरोळ्या! "अरे हा लेन कुचार! शेव्हीत! लेन, कुंपण ओलांडलंस का रे?" "लेन, वाट चुकलास का?" "एमेट, दार बंद कर, पळेल तो!" ओतशाळेतला एक म्हातारा तर काठी टेकत उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली, मयताला काढतात तशी. मी हात हलवला. करार होता. एमेट नुसता बघत होता पुढं, कानापर्यंत हसत.

आणि मग डावीकडून तो आवाज आला. बश्या बोलायला लावणारा. मी वळून बघितलं तर कोरोनेट! मार्लिस चालवतेय, एक हात स्टीअरिंगवर, कोपर खिडकीबाहेर, केस उडताहेत, आणि बाजूच्या सीटवर, तिच्या जुन्या जागी, पट्टा बांधून ठेवलेला बटाट्याच्या सॅलडचा वाडगा! रेल्वेचं फाटक ओलांडून आली होती. वाडगा जिथल्या तिथं! तिनं तो माझ्याकडं बोटानं दाखवला, आणि आम्हाला मागं टाकून गेली.

आणि तुम्हाला सांगतो... मी पन्नास वर्षं ती गाडी चालवली. पुसली, रंगवली, रेघ तांबडी की पांढरी यावर झोप घालवली. पण ती चाकं फिरताना कशी दिसतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं! कसं बघणार? मी तर कायम आत! जगात प्रत्येकानं बघितली, एमेटनं बघितली, आत्या लुडविकानं बघितली, फक्त ज्याची गाडी त्यानं नाही. ती रेघ फिरायला लागली की रेघ राहत नाही हो. एक तांबडं कडं होतं, अखंड, हलतच नाही, नुसतं तरंगतं. संध्याकाळचं ऊन तिरपं, हिरवी गाडी, मार्लिसचा हात, आणि खाली ती दोन तांबडी कडी, पुढं पुढं पुढं...

हात हलवायचा राहिला. एमेटनं ते बघितलं, पण आठवण करून दिली नाही.

म्हणाला, "काय लेन्या, कशी दिसतात?"

म्हटलं, गोल.

हॉल आला. मार्लिस पायरीवर उभी, वाडगा घेऊन. एमेटनं इंजिन बंद केलं. म्हणाला, "फिटलं."

मी म्हटलं, फिटलं.